क्लास म्हणजे काय ? अथवा ग्रंथालयाच्या वहीवरून घेतलेला एक धडा



आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत देवघेवीची एक जाड वही आहे. तींत प्रत्येक विद्यार्थ्यास एक पान दिलेलें असतें. पानाच्या माथ्यावर नांव व इयत्ता, त्याखालीं नेलेल्या पुस्तकांचीं नांवें, आणि पुस्तक परत आलें म्हणजे त्या नांवावर मारलेली तांबडी रेघ, एवढाच तिचा थाट. गतवर्षीं ग्रंथालयांत संगणक आला, तेव्हां या वहीचें काम त्याजकडून करून घ्यावें अशी इच्छा आमच्या व संगणक-वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांच्या मनांत उत्पन्न झाली. त्या खटपटींत आम्हांस जें शिकावयास मिळालें तें, व आमच्या हातून जी एक चूक घडली ती, अशा दोन्ही गोष्टी या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. चूक सांगण्याचें कारण इतकेंच कीं, तिचा त्रास आम्हांस न होतां एका निरपराध मुलास झाला.

संगणकाला काम सांगावयाचें म्हणजे त्याला समजेल अशा भाषेंत एकामागून एक आज्ञा लिहून द्यावयाच्या. अशा आज्ञांच्या समूहास प्रोग्रॅम म्हणतात. या भाषा पुष्कळ आहेत. आम्हीं निवडलेली भाषा पायथन ही होय. ती नेदर्लंड्समधील गीदो व्हान रॉसम या गृहस्थांनीं १९८९ च्या अखेरीस रचावयास घेतली व १९९१ मध्यें प्रथम लोकांस उपलब्ध करून दिली. ती शिकण्यास सोपी असून विनामूल्य मिळते, हीं दोन्ही कारणें शाळेस पुरेशीं आहेत.

१. तीन याद्या आणि त्यांचा गोंधळ

आमचा पहिला प्रयत्न असा होता. आम्हीं संगणकांत तीन याद्या केल्या. पहिलींत विद्यार्थ्यांचीं नांवें, दुसरींत त्यांच्या इयत्ता, तिसरींत त्यांनीं नेलेलीं पुस्तकें. पहिल्या यादींतील पांचवें नांव ज्याचें, दुसरींतील पांचवी इयत्ता त्याची व तिसरींतील पांचव्या जागेवरचीं पुस्तकेंही त्याचींच, असा संकेत ठरला. दहा खोटीं नांवें घेऊन आम्ही याची परीक्षा करूं लागलों.

पांचवा विद्यार्थी शाळा सोडून गेला असें समजून आम्हीं त्याचें नांव पहिल्या यादींतून काढिलें. दुसऱ्या दोन याद्यांतून काढावयाचें मात्र राहून गेलें. लागलीच सहाव्याचें नांव पांचव्या जागीं सरकलें, आणि गेलेल्या विद्यार्थ्याचीं पुस्तकें त्याच्या माथीं बसलीं. पुढील सर्वांचीही तीच गत झाली. एका नांवाच्या विस्मरणानें अर्ध्या शाळेचा हिशेब बिघडावा, ही मांडणी शहाणपणाची नव्हे हें उघड झालें.

मग आमच्या जुन्या वहींत असा घोटाळा कां होत नाहीं ? विचार करतां उत्तर सांपडलें. वहींत एका विद्यार्थ्याचें सर्व कांहीं एकाच पानावर असतें. पान काढिलें तर त्याचें नांव, इयत्ता व पुस्तकें हीं सर्व बरोबरच निघतात. शेजारच्या पानास धक्का लागत नाहीं. संगणकांतही अशीं पानें करतां आलीं तर किती बरें होईल ! तीं करतां येतात, आणि तीं करण्याच्या रीतीसच ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग असें लांबलचक नांव आहे. नांवास भिण्याचें कारण नाहीं. तिचें मूळ तुम्ही मराठी व्याकरणाच्या तासास कधींच शिकलां आहां.

२. व्याकरणाचें साहाय्य

नामांचे दोन प्रकार तुम्हांस ठाऊक आहेत. 'नदी' हें सामान्यनाम. 'गोदावरी' व 'कृष्णा' हीं विशेषनामें. 'नदी' या शब्दानें आपणांस कळतें कीं, अशा प्रकारच्या प्रत्येक पदार्थास उगम असतो, लांबी असते, व ती वाहते. परंतु 'नदी' या शब्दांत कोणी स्नान करूं शकत नाहीं. स्नान करावयाचें तर गोदावरींत किंवा कृष्णेंतच उतरलें पाहिजे.

संगणकाच्या भाषेंत सामान्यनामाच्या जागीं जो असतो त्यास क्लास म्हणतात. हा शाळेंतील वर्ग नव्हे; येथें क्लास म्हणजे जाति किंवा नमुना. विशेषनामाच्या जागीं जें असतें त्यास ऑब्जेक्ट, म्हणजे वस्तु, म्हणतात. वस्तूची माहिती सांगणारे जे गुण, जसें नांव व इयत्ता, तीं जणूं तिचीं विशेषणें. वस्तूस जी कृति करतां येते, जसें पुस्तक देणें व परत घेणें, तें तिचें क्रियापद. यास इंग्रजींत मेथड म्हणतात. येणेंप्रमाणें एक नमुना लिहावा, त्यावरून पाहिजे तितक्या वस्तू निर्माण कराव्या, आणि प्रत्येक वस्तूनें आपली माहिती आपल्याजवळ ठेवून आपलें काम आपण करावें, हें या पद्धतीचें सार आहे.

ही कल्पना फार जुनी नाहीं. नॉर्वे देशांत ऑस्लो येथील नॉर्वेजियन कंप्यूटिंग सेंटर या संस्थेंत ओले-योहान दाल व क्रिस्तेन न्यूगार्ड या दोन विद्वानांनीं सिमुला नांवाची भाषा रचिली. प्रत्यक्ष जगांत एकामागून एक ज्या घटना घडतात त्यांची संगणकांत नक्कल करून पाहावी, हा त्यांचा हेतु होता. अशी नक्कल करावयाची तर प्रत्येक पदार्थाची स्वतःची स्थिति व स्वतःची वागणूक निरनिराळी ठेवावी लागते. त्या गरजेंतून १९६७ सालच्या त्यांच्या सिमुला ६७ या भाषेंत क्लास व ऑब्जेक्ट यांचा जन्म झाला. पुढें अमेरिकेंत ॲलन के व त्यांचे सहकारी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत स्मॉलटॉक ही भाषा याच पायावर उभारली. १९७९ मध्यें डेन्मार्कचे ब्यार्ने स्त्राउस्त्रूप यांनीं बेल लॅबोरेटरीज येथें सी भाषेस क्लास जोडण्यास आरंभ केला. तिलाच १९८३ पासून सी प्लस प्लस हें नांव मिळालें. दाल व न्यूगार्ड या उभयतांस २००१ सालचें ट्यूरिंग पारितोषिक देण्यांत आलें, व पुढच्याच वर्षीं, २००२ मध्यें, दोघेही निवर्तले. असो.

३. नमुना कसा लिहावा

आतां आमच्या खात्याचा नमुना पाहा. पायथन भाषेंत आपण ठेवलेलीं नांवें देवनागरींत लिहितां येतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मात्र त्या भाषेचे स्वतःचे शब्द व अंक रोमन लिपींतच लिहावे लागतात. येथें छपाईच्या सोयीसाठीं ते शब्द आम्हीं उच्चाराप्रमाणें देवनागरींत दिले आहेत. यंत्रावर लिहितांना क्लास, डेफ, इनिट, सेल्फ, इफ, नॉट, इन, रिटर्न, लेन, ॲपेंड व रिमूव्ह हे अकरा शब्द आणि अंक रोमन लिपींत लिहावे.

क्लास खातें:
    डेफ __इनिट__(सेल्फ, नांव, इयत्ता):
        सेल्फ.नांव = नांव
        सेल्फ.इयत्ता = इयत्ता
        सेल्फ.पुस्तकें = []

    डेफ दे(सेल्फ, पुस्तक):
        इफ लेन(सेल्फ.पुस्तकें) >= २:
            रिटर्न "दोन पुस्तकें अगोदरच नेलीं आहेत"
        सेल्फ.पुस्तकें.ॲपेंड(पुस्तक)
        रिटर्न "दिलें"

    डेफ परत_घे(सेल्फ, पुस्तक):
        इफ पुस्तक नॉट इन सेल्फ.पुस्तकें:
            रिटर्न "हें पुस्तक या खात्यावर नाहीं"
        सेल्फ.पुस्तकें.रिमूव्ह(पुस्तक)
        रिटर्न "जमा"

प्रथम ओळींच्या आरंभीं सोडलेल्या जागेकडे लक्ष द्या. ती शोभेसाठीं नाहीं. कोणती आज्ञा कोणाच्या पोटांत आहे हें पायथन त्या जागेवरूनच ओळखतें. प्रत्येक पायरीस चार रिकाम्या जागा सोडण्याचा प्रघात आहे.

पहिल्या ओळींत आपण नमुन्यास 'खातें' असें नांव दिलें. दुसऱ्या ओळींत 'डेफ' या शब्दानें एक कृति सांगावयास आरंभ केला. तिच्या नांवाच्या दोहों बाजूंस दोन-दोन अधोरेषा आहेत. ही कृति विशेष आहे. नवें खातें उघडतांक्षणींच ती आपोआप घडते. वहींत नवें पान उघडल्यावर आपण माथ्यावर नांव व इयत्ता लिहितों ना, तेंच हें काम. त्यांतील तिसरी ओळ 'सेल्फ.पुस्तकें = []' अशी आहे. चौकोनी कंसांची ती रिकामी जोडी म्हणजे रिकामी यादी. नव्या विद्यार्थ्याच्या पानावर आरंभीं एकही पुस्तक नसतें, म्हणून यादी रिकामी.

येथें '=' हें चिन्ह गणितांतील बरोबरीचें नव्हे. उजवीकडे जें असेल तें डावीकडील नांवास द्यावें, असा त्याचा अर्थ आहे.

आतां 'सेल्फ' या शब्दाविषयीं. नवशिक्यांस यासारखा कोड्यांत टाकणारा दुसरा शब्द नाहीं. नमुना लिहितांना आपणांस पुढें कोणाकोणाचीं खातीं उघडलीं जातील हें माहीत नसतें. म्हणून 'ज्या कोणाचें हें खातें असेल तें स्वतः' असें सांगणारें एक सर्वनाम लागतें. तेंच 'सेल्फ'. 'सेल्फ.नांव' म्हणजे 'माझें स्वतःचें नांव', 'सेल्फ.पुस्तकें' म्हणजे 'माझींच पुस्तकें'. हा शब्द रूढीचा आहे, सक्तीचा नाहीं. परंतु जगभर सर्वजण तोच लिहितात, म्हणून आपणही तोच लिहावा हें बरें.

'दे' या कृतींत प्रथम यादीची लांबी पाहिली आहे. 'लेन' हा शब्द यादींत किती पदार्थ आहेत तें सांगतो. दोन किंवा अधिक पुस्तकें असलीं तर नकार कळवून कृति तेथेंच संपते. तसें नसलें तर 'ॲपेंड' या आज्ञेनें यादीच्या शेवटीं नवें पुस्तक जोडलें जातें. 'परत_घे' या कृतींत प्रथम तें पुस्तक या खात्यावर आहे कीं नाहीं याची चौकशी केली आहे. ही चौकशी गाळली, आणि नसलेलें पुस्तक काढावयास सांगितलें, तर यंत्र चुकीची सूचना देऊन थांबतें.

४. नमुन्यावरून खातीं

एवढें लिहून झालें तरी अद्याप एकही खातें उघडलेलें नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. आपण केवळ 'नदी' म्हणजे काय तें सांगितलें. गोदावरी अजून वाहूं लागली नाहीं. आतां अंकगणिताच्या पुस्तकांत नेहमीं भेटणारे गोविंद व यमुना यांचीं खातीं उघडूं.

गोविंद = खातें("गोविंद", ८)
यमुना = खातें("यमुना", ९)
गोविंद.दे("भूगोल")

तिसरी ओळ मराठींत वाचून पाहा : 'गोविंदच्या खात्या, भूगोल दे.' उत्तर येतें, 'दिलें'. जणूं खात्यासच आपण हाक मारून काम सांगितलें. पूर्वींच्या तीन याद्यांच्या पद्धतींत आम्ही याद्यांत हात घालून स्वतः फेरफार करीत होतों. आतां खात्याचा हिशेब खातें ठेवतें, आणि दोन पुस्तकांचा नियमही तेंच पाळतें. नियम एके ठिकाणीं लिहिलेला असल्यामुळें उद्यां शाळेनें तीन पुस्तकांची सवलत दिली तर तो अंक व त्याखालील निरोपांतील 'दोन' हा शब्द, एवढेंच बदलावें लागेल.

येथें एक चूक पुष्कळांच्या हातून होते, ती सांगून ठेवतों. कृति लिहितांना कंसांतील 'सेल्फ' विसरला, तर 'गोविंद.दे("भूगोल")' असें म्हणतांच यंत्र तक्रार करतें कीं, या कृतीस एकच पदार्थ घेण्याची मोकळीक असतां दोन दिले गेले. मुलगा गोंधळून म्हणतो, 'मीं तर एकच दिला !' दुसरा कोठून आला ? तो गोविंदचें खातें हाच होय. बिंदूच्या डावीकडे जी वस्तु असते ती पायथन आपण होऊन कृतीच्या हातीं पहिल्या जागीं देतें. तिला बसावयास 'सेल्फ' हें आसन नसलें म्हणजे ही तक्रार उद्भवते.

५. आमची चूक

वर दिलेला नमुना बरोबर आहे. परंतु आम्हीं ग्रंथालयांत प्रथम चालविलेला नमुना असा नव्हता. त्याच्या पहिल्या ओळी अशा होत्या :

क्लास खातें:
    पुस्तकें = []
    डेफ __इनिट__(सेल्फ, नांव, इयत्ता):
        सेल्फ.नांव = नांव
        सेल्फ.इयत्ता = इयत्ता

भेद एका ओळीचा आहे. रिकामी यादी 'इनिट' कृतीच्या आंत न करितां आम्हीं तिच्या वर, नमुन्याच्या अंगावरच केली. आदल्या सायंकाळीं आम्हीं एक खातें उघडून सर्व परीक्षा घेतली. एक पुस्तक दिलें, दुसरें दिलें, तिसऱ्यास नकार आला, एक परत केलें. सर्व कांहीं बरोबर दिसलें, आणि आम्ही संतुष्ट होऊन घरीं गेलों.

दुसऱ्या दिवशीं आठवीचा वर्ग ग्रंथालयांत आला. पहिल्या मुलानें एक पुस्तक नेलें. यंत्र म्हणालें, 'दिलें'. नंतर एका मुलीनें एक नेलें. यंत्र पुन्हां म्हणालें, 'दिलें'. तिसरा मुलगा पुढें आला. हा स्वभावानें अबोल, शेवटच्या बाकावर बसणारा. त्यानें प्रवासवर्णनाचें एक पुस्तक निवडून आणलें होतें. यंत्रावर अक्षरें उमटलीं, 'दोन पुस्तकें अगोदरच नेलीं आहेत.'

आम्ही म्हणालों, "अगोदरचीं परत आण, मग हें मिळेल."

तो म्हणाला, "सर, मीं या वर्षीं एकही पुस्तक नेलेलें नाहीं."

आम्ही म्हणालों, "यंत्र कांहीं मनानें सांगत नाहीं." वर्गांत कोणीतरी हंसलें. त्या मुलानें पुढें एक अक्षरही न काढितां पुस्तक मेजावर ठेवलें व तो जागेवर जाऊन बसला. आमची दृष्टि यंत्राच्या पडद्यावर होती. त्याच्या चेहऱ्याकडे आम्हीं पाहिलेंही नाहीं, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

त्यानंतर जी मुलगी आली तिलाही यंत्रानें तेंच उत्तर दिलें. ही मुलगी त्याच सोमवारीं आमच्या शाळेंत दाखल झाली होती, आणि ग्रंथालयांत तिचें तें पहिलेंच पाऊल. तिच्या नांवावर दोन पुस्तकें असणें अशक्य होतें. तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले. आम्हीं त्या मुलाच्या खात्यावरील यादी यंत्रास दाखवावयास सांगितली. पांच मिनिटांपूर्वीं पहिल्या दोघांनीं नेलेलीं तीं दोन पुस्तकें तींत होतीं ! जुनी वही काढून पाहिली; तींत त्याचें पान कोरें होतें.

त्याच तासास, त्याच वर्गासमोर आम्हीं त्यास पुढें बोलाविलें व सांगितलें, "तुझें म्हणणें खरें होतें, चूक आमची होती." तो क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "मग तें पुस्तक मीं नेऊं का, सर ?" तें पुस्तक आम्हीं जुन्या वहींत त्याच्या नांवावर लिहून त्यास दिलें.

६. असें कां झालें

पायथन जेव्हां नमुना वाचतें तेव्हां त्याच्या अंगावर लिहिलेल्या आज्ञा एकदांच पाळतें. म्हणून आमच्या चुकीच्या नमुन्यांत रिकामी यादी एकदांच व एकच निर्माण झाली. 'इनिट' मधील आज्ञा मात्र प्रत्येक नव्या खात्याच्या वेळीं नव्यानें पाळल्या जातात. आतां एखादें खातें 'सेल्फ.पुस्तकें' असें म्हणतें तेव्हां पायथन ती यादी प्रथम त्या खात्याच्या स्वतःच्या सामानांत शोधतें. तेथें नसली तर नमुन्याजवळ जाऊन पाहतें. आमच्या प्रत्येक खात्यास स्वतःची यादी नव्हती, म्हणून प्रत्येकजण नमुन्याजवळच्या त्या एकाच यादींत पुस्तक जोडीत होता. वहीची उपमा द्यावयाची तर, प्रत्येकाच्या पानावर लिहिण्याऐवजीं सर्वांचीं पुस्तकें आम्ही वहीच्या पुठ्ठ्यावर लिहीत होतों, आणि प्रत्येकास पुठ्ठा दाखवून 'हीं तुझीं' असें म्हणत होतों.

मग नांवें कां मिसळलीं नाहींत ? कारण नांव 'सेल्फ.नांव = नांव' या आज्ञेनें त्या त्या खात्यालाच दिलें गेलें होतें. अशा प्रकारें अर्धें काम बरोबर चालल्यामुळें उरलेल्या अर्ध्याचा संशय आला नाहीं.

यावरून नमुन्याच्या अंगावर कांहींच लिहूं नये असें मात्र समजूं नका. जें सर्वांस समान आहे त्याची जागा तीच होय. दोन पुस्तकांची मर्यादा सर्व विद्यार्थ्यांस सारखी; म्हणून 'मर्यादा = २' अशी ओळ नमुन्याच्या अंगावर लिहून, 'दे' कृतींत २ या अंकाऐवजीं 'सेल्फ.मर्यादा' असें लिहिणें अगदीं योग्य आहे. सर्वांचें तें नमुन्यावर, ज्याचें त्याचें तें त्याच्या खात्यावर, एवढें सूत्र ध्यानांत ठेविलें म्हणजे पुरे.

आमची दुसरी चूक परीक्षेची. एकच खातें उघडून पाहिल्यावर दोन खातीं एकमेकांपासून निराळीं राहतात कीं नाहीं हें कळणार कसें ? दोन खातीं उघडून गोविंदला एक पुस्तक दिलें असतें, आणि मग 'यमुना.पुस्तकें' असें विचारलें असतें, तर यमुनेची यादी रिकामी दिसावयास पाहिजे होती. ती तशी दिसली नसती, व सारा प्रकार आदल्या सायंकाळींच उघडकीस आला असता. तेव्हांपासून आम्हीं नियम केला आहे : कोणताही नमुना लिहिला कीं त्यावरून निदान दोन वस्तू कराव्या, एकीस ढकलावें व दुसरी हलत नाहीं हें पाहावें.

आणखी एक गोष्ट. येथें दिलेलीं खातीं प्रोग्रॅम चालू आहे तोंवरच जगतात. यंत्र बंद केलें कीं तीं नाहींशीं होतात. तीं कायम राखावयाचीं तर त्यांतील मजकूर फाईलींत लिहून ठेवावा लागतो. तो पुढचा धडा आहे. म्हणून आमच्या ग्रंथालयांत जुनी वही अद्याप चालूच आहे. त्या दिवशीं तिच्याच कोऱ्या पानानें एका मुलाची बाजू खरी ठरविली, तेव्हां तिला निरोप देण्याची आम्हांस घाई नाहीं.

७. अभ्यास व विनंति

पुढील प्रश्न स्वतः सोडवून पाहावे.

(१) खात्यास 'शिल्लक' नांवाची एक कृति जोडा. आणखी किती पुस्तकें नेतां येतील तें तिनें सांगावें. (दोहोंतून यादीची लांबी वजा करावी.)

(२) 'टाकी' नांवाचा नमुना लिहा. तीस एकूण माप व सध्यांचें पाणी हे दोन गुण असावे, आणि 'भर' व 'काढ' या दोन कृती असाव्या. माप शंभर लिटर असलें व टाकींत नव्वद असलें, आणि वीस भरावयास सांगितले, तर काय व्हावें हें प्रथम कागदावर ठरवा व मग लिहा.

(३) 'दुसरें = गोविंद' असें लिहिल्यानें नवें खातें उघडतें काय ? मग 'दुसरें.दे("इतिहास")' असें म्हणून 'गोविंद.पुस्तकें' पाहा, व जें दिसेल त्याचें कारण लिहा. (एकाच मुलास घरीं एका नांवानें व शाळेंत दुसऱ्या नांवानें हाक मारतात, हें आठवावें.)

पालकांसही दोन शब्द. ज्यांच्या घरीं संगणक नाहीं त्यांनीं आपलें मूल मागें पडेल अशी काळजी करूं नये. नमुना म्हणजे काय व वस्तु म्हणजे काय हें वहींतील कोऱ्या पानांवर पेन्सिलीनें खेळूनही उत्तम समजतें. आमच्या वर्गांतील ज्या मुलीनें वरील चुकीचें कारण सर्वांआधीं शोधून काढिलें तिच्या घरीं संगणक नाहीं. तिनें फळ्यावर दोन चौकोन काढिले, वर एक तिसरा काढिला, आणि दोन्ही चौकोनांतून वरच्या एकाच यादीकडे जाणारे बाण दाखविले. त्यानंतर आम्हांस निराळें सांगावयाचें कांहीं उरलें नाहीं.

दुसरी विनंति अशी. आजकाल दुकानांत, पेढींत, दवाखान्यांत पुष्कळ ठिकाणीं 'यंत्र असें सांगतें' हें उत्तर ऐकूं येतें. यंत्र स्वतः कांहींच सांगत नाहीं. कोणा मनुष्यानें लिहिलेलें तें वाचून दाखवितें, आणि लिहिणारा आमच्यासारखाच चुकणारा असतो. तुमच्यापैकीं कित्येकजण उद्यां असे प्रोग्रॅम लिहितील, व ज्यांस तुम्ही कधीं पाहिलेंही नाहीं अशा माणसांचीं खातीं त्यांत असतील. त्यांपैकीं कोणी समोर येऊन 'मीं नेलें नाहीं' असें म्हणाला, तर आधीं त्याचें म्हणणें ऐकून घ्या, आणि मग आपली दुसरी ओळ पुन्हां वाचून पाहा.